टक्स घातलेलं जॅकेट

मला ऐकू येत नाही. लहानपणीच्या तापात दोन्ही कान गेले. घरच्यांचं बोलणं ओठांवरून वाचते. बोलते मात्र भरपूर. माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या मते जरा जास्तच.

आणि मी गेम खेळते, तेही बंदुकीचे. मागून कुणी आलं तर बाकीच्यांना हेडफोनमधून पावलं ऐकू येतात. मला स्क्रीनमागच्या दिव्यांच्या पट्टीवरून कळतं. डावीकडून कुणी आलं की डावी बाजू लाल होते. प्रत्येक गेममध्ये ही सोय नसते. नसेल तो गेम गेला उडत!

मग मी जॅकेट आणलं. त्यात छोट्या मोटारी असतात, गोळी लागेल तिथे अंगाला धक्का बसतो. पण ते शिवलेलं कुणा दांडगोबाच्या मापाने. खांद्यावरची गोळी मला कमरेत लागायची. सारखी मरत होते आणि घरभर चिडचिड करत होते.

आम्ही कानडी मुलखातले, मंडी मोहल्ल्यातले शिंपी. अप्पांनी जन्मभर ब्लाउज शिवले. गेमचं त्यांना सोयरसुतक नाही, पण अंगावर लोंबणारं कापड त्यांना बघवत नाही. "अय्यो, हे काय पोतं घातलंयस! उभी राहा सरळ," म्हणाले आणि गळ्यातली टेप काढली. वायरी बाजूला धरून त्यांनी खांदे आत घेतले, पुढे कापड चिमटून दोन टक्स घातले. संध्याकाळी गोळी जिथल्या तिथे लागली आणि मी आनंदाने किंचाळले.

त्याच जोरावर जवळच्या गेमिंग कॅफेतल्या स्पर्धेत नाव घातलं. महिनाभर दुसरं काही सुचत नव्हतं. अप्पा सुई-दोरा घेऊन सोबत आले. आयोजकाने माझं जॅकेट आणि पट्टी बघितली आणि फोनवर टाइप करून दाखवलं: ही जास्तीची मदत झाली, चालणार नाही, सगळ्यांना सारखंच हवं.

माझं डोकंच सणकलं.

"सारखंच ना? काढते की जॅकेट," मी कन्नडमध्ये म्हणाले, बहुतेक फार मोठ्याने, कारण सगळे वळले. "आधी या सगळ्यांचे हेडफोन काढा."

एकाचाही हात कानाकडे गेला नाही. आयोजकाने जॅकेट राहू दे अशी खूण केली. मग त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली.

तिसऱ्या फेरीत मी हरले. गोळी मागून आली, उजव्या खांद्याच्या जरा खाली. वळायला उशीर झाला, एवढंच. कुठून आली ते मला बरोबर कळलं होतं.