काखेतली गाठ

परदेशातल्या लिटिल इंडिया या भारतीय वस्तीतल्या एका मराठी खानावळीत मी स्वयंपाकी आहे. शाळा नववीत सोडली, त्यामुळे शरीराविषयीचं माझं ज्ञान सगळं मोबाइलवरचं, म्हणजे अत्यंत भीतिदायक. गेल्या वर्षी नारळ खवताना विळीने बोट कापलं. मी त्यात हळद भरली, वर हातमोजा चढवला आणि मोठी शस्त्रक्रिया केल्याच्या तोऱ्यात कामाला लागलो.

पुढे बोट ठणकू लागलं, ताप आला, काखेत गाठ आली. मोबाइलने तत्परतेने कॅन्सर ठरवला. बाकीचं मी ठरवलं: वर्क परमिट रद्द, गावी रवानगी, धाकट्या बहिणीचं कॉलेज बंद. त्या दुःखात आमटीत दोनदा मीठ पडलं.

आमटी चाखून मालकीण काकू थेट माझ्यापुढे आल्या. मी रडत काख दाखवली. त्यांनी हातमोजा काढायला लावला.

"अरे शहाण्या, अवधाण आलंय हे! बोटाची जखम चिघळली की काखेत अशी गाठ येते. चल डॉक्टरकडे."

डॉक्टरांनी पू काढला, गोळ्या दिल्या. त्यांचं इंग्रजी काकूंनी मला मराठीत सांगितलं. "बोटातले जंतू वर चढतायत. त्यांना अडवायला पांढऱ्या पेशी काखेत जमल्यात. ताप हाही त्याच लढाईचा भाग. त्या बिचाऱ्या लढतायत आणि तू रडतोयस."

माझ्या अंगात इतकं कर्तबगार कुणी राहतं, हे मला नवीनच होतं.

"काकू, मला परत पाठवाल का हो?"

"आणि भाकऱ्या कोण भाजणार, मी? पण बोट बरं होईपर्यंत शेगडीजवळ दिसलास तर बघ!"

इतकी मायेची धमकी मला परदेशात कुणी दिली नव्हती. सवयीने मी त्या धमकीलाही घाबरलो.