डिकीत नसलेला गंधक

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. शेवटी लिहीन म्हटलं तर मी पुन्हा कुठलातरी आडोसा शोधेन. माझा स्वभाव मला चांगला माहीत आहे.

इथे लोक लिहितात ते अनुभव मी वाचतो, आणि खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसतो. माझा धंदा वायरिंगचा. आवाज येत नाही म्हणजे कुठेतरी करंट पोचत नाही — माझं तत्त्वज्ञान एवढंच. भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही. या गोष्टीत तर कुणी मेलेलंही नाही. ज्याचं मी वाटोळं केलं तो माणूस चांगला धडधाकट होता... म्हणूनच हे सगळं कशात बसवायचं ते मला कळत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत विश्रामबागच्या अंगाला माझं गाड्यांना टेप बसवायचं दुकान होतं. तेव्हा सीडी चेंजर म्हणजे मोठी चैन. डिकीत एक जाड पेटी, तिच्यात सहा सीड्या, आणि पुढे ड्रायव्हरजवळ नुसती बटणं. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याने — त्यांना सगळे अण्णा म्हणत — मुंबईहून एक जुनी परदेशी गाडी आणली होती. तिच्यात चेंजर डिकीच्या भिंतीला उभा बसवलेला. अण्णांना डिकीत जागा हवी होती, म्हणून मी तो काढून वरच्या बाजूला आडवा टांगला.

अशा पेटीच्या दोन्ही अंगांना एकेक बारीक स्क्रू असतो. पेटी उभी बसवली तर तो एका खुणेवर, आडवी बसवली तर दुसऱ्या. आतल्या स्प्रिंगा त्याच्यावर चालतात. तो फिरवला नाही तर उभ्या गाडीत गाणं झकास वाजतं, आणि रस्त्यावर खड्डा आला की उडतं. मी स्क्रू फिरवायला विसरलो. दुकानासमोर गाणं वाजवून दाखवलं आणि गाडी देऊन टाकली.

थोड्याच दिवसांत अण्णा तणतणत आले. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोरच सुरू झाले.

"काय बसवलंय हे? व्याह्यांना आणायला मिरजेला गाडी पाठवली, तर सगळ्या रस्त्यानं गाण्याला उचक्या! व्याही म्हणतात, अण्णा, गाडीला पाणी पाजा!"

गिऱ्हाइकं हसली. मी गेलो, डिकी उघडली, वाकलो... आणि स्क्रू दिसला. जुन्याच खुणेवर. पाठ त्यांच्याकडे करून मी दोन्ही स्क्रू फिरवून टाकले. आता सरळ उठून सांगायचं — अण्णा, विसरलो. एवढंच. कुणी मला फाशी देणार नव्हतं.

पण मी उठलो आणि म्हणालो, "कनेक्शनच्या पिना काळ्या पडल्यात. डिकीत गंधक ठेवत होतात का?"

तासगावच्या माणसाला हे लगेच पटणार, हे मला माहीत होतं. तिथे बेदाण्याला रंग यावा म्हणून बंद खोलीत गंधकाची धुरी देतात. त्या धुराने तांब्या-पितळेची वस्तू काळी पडते, शेडमधल्या वायरी खराब होतात, हे तिथे पोरासोरांना ठाऊक. अण्णांच्या डोक्यातही यंत्राचा विचार आला नाही, आला माणसाचा. ते गाडीशेजारी उभ्या असलेल्या ड्रायव्हरकडे वळले.

ड्रायव्हर हणमंतराव. वडूजकडचे, फौजेत ट्रक चालवून निवृत्त झालेले. माझ्या वडलांच्या वयाला टेकलेले.

"हणमंता, माझ्या गाडीत लोकांचा गंधक वाहतोयस? भाडी मारतोस माझ्या डिझेलवर?"

"न्हाई अण्णा. डिकीत म्या पिशवी सुदिक ठेवत न्हाई."

"मग हे काय खोटं बोलतात?"

हणमंतराव माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "सायेब, काळं कुठं हाय? मला दाखवा."

मी म्हणालो, "पुसून टाकलं मी. म्हणून तर आता चालेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अण्णांनी तिथेच किल्ली मागून घेतली, "एस्टीनं जा, आणि परत दारात दिसू नकोस," म्हणाले, आणि स्वतः गाडी चालवत गेले. गाणं अर्थातच उडालं नसणार.

पुढच्या आठवड्यात एका डॉक्टरांची गाडी आली. चेंजर मध्येच बंद पडायचा. डिकी उघडली आणि नाकात वास घुसला — जळलेल्या गंधकाचा. जोडणी उपसली तर पिना काजळी धरल्यासारख्या काळ्याकुट्ट. मी विचारलं, "डॉक्टर, तासगावला जाणं-येणं असतं का?" ते म्हणाले, "अहो, ही गाडी घर आणि दवाखाना सोडून कुठे जात नाही." डिकीत त्यांना मात्र कसलाच वास येत नव्हता.

योगायोग म्हणून सोडून दिलं. मग आष्ट्याच्या एका गाडीत तेच. मग एका नव्या चेंजरमध्ये... सीलबंद खोका मी स्वतः फोडला होता! प्लॅस्टिकची पिशवी फाडली, आणि आतल्या पिना काळ्या. त्याच दुकानात भिंतीवर वाजवून दाखवायला लावलेला माझा सेट वर्षानुवर्षं लखलखीत होता. टेपच्या कामातही काही नाही. फक्त चेंजर, आणि तोही मी हात लावलेला. इंजिनियरिंग कॉलेजात शिकवणारे एक ओळखीचे सर म्हणाले, गटारातल्या वायूने असं होतं. मी गटार साफ करून घेतलं, फरशी घातली. काही फरक नाही.

घरी गेलो की बायको दारातच विचारायची, "आज परत तासगावला गेला होता?" शर्ट वेगळा भिजत घालायची. म्हणजे वास माझ्या डोक्यातला नव्हता. डिकीत वाकलो की डोळ्यांतून पाणी यायचं, घसा आवळायचा, आणि डोकं बाहेर काढलं की सगळं ठीक. त्या वासाने माझ्यावर डूख धरला होता, याहून दुसरे शब्द मला सापडत नाहीत.

मग साताऱ्याचे एक वकील आले. त्यांना चेंजर बसवून दिला, सगळं तपासून. ते त्याच दुपारी आईला मागच्या सीटवर घेऊन परत निघाले, आणि संध्याकाळी त्यांचा दुकानात फोन. कऱ्हाडच्या अलीकडे म्हातारीला अचानक ठसका लागला, श्वास घेता येईना. गाडी थांबवून तिला झाडाखाली बसवावं लागलं, तेव्हा कुठे सावरली.

"डिकीत काय ठेवलं होतंत तुम्ही?" वकील ओरडत होते. "गंधकाचा वास मारतोय तिथून!"

"साहेब, मी काहीच ठेवलं नाही."

"मग काय माझ्या आईनं स्वतः नेऊन ठेवला?"

"खरंच नाही हो साहेब. वाटल्यास—"

"खोटं बोलू नका. तुमच्यासारखे फार पाहिलेत मी कोर्टात."

फोन आपटला. मी रिसीव्हर हातात धरून बसलो. मी खरं बोलत होतो, आणि ऐकणाऱ्याने आधीच ठरवून टाकलं होतं. हणमंतराव माझ्यासमोर उभे होते तेव्हा त्यांना काय झालं असेल, ते मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. आणि त्या म्हातारीला काही झालं असतं तर?

तो वास कसला, पिना का काळ्या पडत होत्या, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पुढे माफी मागितल्यावर तो गेला, असंही मी म्हणणार नाही. त्या फोननंतर मी चेंजरचं काम कायमचं सोडलं, त्यामुळे ते तपासायची वेळच आली नाही. मुद्दाम एकदा हात लावून बघावा, एवढी छाती मला झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून वडूजला गेलो. विचारत विचारत हणमंतरावांची वस्ती गाठली. ते बाजरीच्या रानाच्या बांधावर दगड रचत होते. अण्णांनी त्यांना तासगावभर चोर ठरवल्यावर कुणी गाडी हातात दिली नव्हती, हे मला वाटेतच कळलं होतं.

"हणमंतराव, ओळखलंत का?"

"वळखलं की. काळं दाखवायला आलाय व्हय?"

त्यांची बायको तांब्या घेऊन बाहेर आली. त्यांनी मान न वळवताच सांगितलं, "पानी आत ठेव." आमच्या भागात दारात आलेल्या वैऱ्यालाही पाणी देतात. ती तांब्या घेऊन परत गेली.

मी सगळं सांगितलं. स्क्रू, पाठ फिरवणं, सगळं. "माझं चुकलं," म्हणालो.

त्यांनी आणखी एक दगड बसवला. "हितं चुकलं म्हणून काय उपेग? ह्या बांधाला ठावं हाय मी चोर न्हाई ते. जिथं नाव गेलं तिथं चला."

"आत्ता?"

"मग कवा? मी मेल्यावर?"

एस्टीत ते माझ्या शेजारी बसले नाहीत, पुढे ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. तासगावला पोचलो तेव्हा अण्णांच्या शेडमध्ये बेदाणा निवडायचं काम चालू होतं. बायकांच्या रांगा, काट्यावर हमाल, दारात खुर्ची टाकून अण्णा. हणमंतरावांना पाहून ते उठलेच. "तुला सांगितलं होतं ना दारात—"

"मी न्हाई बोलणार अण्णा. हे बोलत्यात."

मी अण्णांच्या जवळ गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, की त्या वेळी माझीच जरा गफलत झाली होती...

"मोठ्यानं," मागून हणमंतराव म्हणाले. "आन् जरा कसली? मला चोर म्हणताना समदं गाव ऐकत हुतं. त्या पलीकडच्या बायांना ऐकू गेलं पायजे."

अण्णा म्हणाले, "कसली गफलत? काय भानगड आहे?"

निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. काट्यावरच्या हमालाने पोतं खाली ठेवलं. मी वळलो, त्या सगळ्यांकडे तोंड केलं आणि जेवढा आवाज निघेल तेवढ्या आवाजात म्हणालो, "गाडीत गंधक कधीच नव्हता. काहीही काळं पडलं नव्हतं. स्क्रू फिरवायला मी विसरलो होतो, आणि माझी अब्रू वाचवायला मी ह्यांची घेतली. हणमंतरावांनी चोरी केलेली नाही. खोटं मी बोललो. हणमंतराव, मला माफ करा."