माहेरच्या नावाची नोंद

नाशिक रोडच्या एका शिलाई मशीनच्या दुकानात मी कॉम्प्युटर सांभाळते. गिऱ्हाइकांची नावं, फोन, वाढदिवस, कोणी कोणतं मशीन नेलं, हे सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये असतं. जुन्या बिलांवरून ते मीच भरलं, मान मोडेस्तोवर. वाढदिवसाला सकाळी त्यातून गिऱ्हाइकाला नावानिशी शुभेच्छांचा मेसेज आपोआप जातो. असले मेसेज कोणी वाचत नाही, असं माझं ठाम मत होतं.

गेल्या वर्षी आमच्या शेठना सफाईचा झटका आला. काही फोन नंबरांवर दोन-दोन नोंदी दिसत होत्या. "एक नंबर, एक गिऱ्हाईक," असं म्हणत, मी जेवायला गेलेली बघून, त्यांनी स्वतःच बटण दाबलं. नव्या नोंदी राहिल्या, जुन्या पुसल्या गेल्या. वर त्याच नंबरावर दुसरी नोंद करताच येणार नाही, असा नियमही लावून ठेवला. मी डबा धुऊन परत येते तो शेठ खुशीत चहा मागवत होते. हौसेला मोल नाही म्हटलं आणि चहा घेतला.

त्यानंतर काही आठवड्यांनी ओझरहून एक बाई आली. चाळिशीची, ब्लाउज शिवणारी. माप घ्यायची टेप गळ्यात तशीच राहिलेली. मला वाटलं, हिला बॉबिन हवी असेल. ती काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, "मॅडम, माझा वाढदिवसाचा मेसेज आला नाही."

मी बघितलं. "गेलाय की ताई. कालच गेलाय."

"तो आला. दुसरा नाही आला. माहेरच्या नावाचा."

मग तिने सांगितलं. तिचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होते. लग्नाआधी त्यांनी तिला स्कूटरवर बसवून आमच्या दुकानात आणलं आणि पहिलं मशीन घेऊन दिलं. पुढे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, आणि दुसरं मशीन तिने त्या नावाने घेतलं. फोन नंबर मात्र दोन्ही बिलांवर एकच. आता आईवडील नाहीत. भाऊ ताई म्हणतो, भाचरं आत्या म्हणतात.

"वर्षातून एकदा तुमचं दुकानच मला त्या नावाने हाक मारतं," ती म्हणाली आणि उगाच हसली.

माझंही नाव लग्नात बदललं होतं. खरं सांगते, मला नवंच जास्त आवडलं. जुन्या नावाच्या आम्ही वर्गात तिघी होतो. पण तिचं ते हसणं बघून मला गलबलून आलं.

पुसलेल्या नोंदी सॉफ्टवेअरच्या कचरापेटीत महिनाभर राहतात, मग कायमच्या जातात. तो महिना भरत आला होता. मी घाईघाईने कचरापेटी उघडली, तिने सांगितलेलं नाव शोधलं. सापडलं! तिचं नाव, पुढे वडिलांचं, मग आडनाव. परत आणायचं बटण दाबलं, तर सॉफ्टवेअर अडून बसलं: हा नंबर आधीच वापरात आहे. नियम काढायचा पासवर्ड शेठकडे.

"एका बाईच्या दोन नोंदी कशाला?" शेठ कुरकुरले. "आत्ता कुठे सगळं साफ केलंय."

"शेठ, लग्नात तुमचं नाव बदललं होतं का कोणी?"

शेठनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पासवर्ड टाकला. नोंद परत आली. तरी हार मानतील तर ते शेठ कसले! म्हणाले, "पण पद्धतीप्रमाणे फोन करून नावाची खात्री करून घ्या."

"अहो, समोर उभ्या आहेत त्या!"

"पद्धत म्हणजे पद्धत."

मी दुकानाच्या फोनवरून नंबर लावला. दोन हातांवर तिच्या पिशवीत फोन वाजला. तिने तो काढला, माझ्याकडे बघितलं आणि कानाला लावला. मी तिचं माहेरचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आणि विचारलं, "आपणच बोलताय का?"

"हो," ती म्हणाली. "मीच बोलतेय."

मी फोन ठेवणार, तेवढ्यात तीच पुन्हा म्हणाली, "मॅडम, आवाज नीट आला नाही. परत एकदा विचारा ना."