तोंडावरची सोंगटी

आता माझी फजिती तुम्हाला सांगू की नको? सांगतो, पण कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी एकाने चहा माझ्याच अंगावर उडवला होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मुलगी बघायला धसईला गेलो होतो, बरोबर मामा. मी शहापूरचा, कचेरीत कारकून, आणि आमच्या आळीत कॅरमचा राजा! सुनंदा पोहे घेऊन आली, तिने माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मी कामातून गेलो. ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशीच.

तेवढ्यात तिचे वडील कॅरम घेऊन आले. अण्णा म्हणजे एसटीचे रिटायर ड्रायव्हर.

"पाहुणे, एक डाव होऊ द्या. माणूस कॅरमवर कळतो."

मनात म्हटलं, नशीब चालून आलं! पण मामा पावडर टाकता टाकता कानात कुजबुजला, "हर रे बाबा. बापाला हरवलंस तर पोरगी नाय मिळायची."

हरायचं? मी? पण सुनंदासाठी काय वाट्टेल ते!

आणि असा हरलो म्हणता! सोंगटी राहिली बाजूला, स्ट्रायकरच भोकात घातला. तीनदा! हात मुद्दाम थरथरवला. राणी आयती अण्णांच्या पुढ्यात सरकवली. एक सोंगटी तर उडून थेट पोह्यांच्या बशीत. अण्णांनी बोर्ड साफ केला आणि मामाने मला डोळा मारला. झालं की काम!

कसलं काम! अण्णा मामाला अंगणात घेऊन गेले. खिडकी उघडीच होती.

"पोरगा घेतो काय?"

"काय घेतो?"

"दारू! हात नाय बघितला त्याचा? तीस वर्षं गाडी चालवली मी. असला हात स्टेअरिंगवर असता तर गाडी दरीत!"

"नाय हो अण्णा, सुपारीपण खात नाय तो!"

"मग डोळ्यांत दोष असंल. माझी पोर नाय द्यायचो मी."

मामा धावत आत. "जिंक रे मेल्या, आता जिंक!"

"मघाशी तर हर म्हणालास!"

"मघाशी तू दारुडा नव्हतास!"

मीच अण्णांना म्हटलं, आणखी एक डाव? आणि काय खेळलो! हात कसा दगडासारखा स्थिर. अण्णांचे डोळे विस्फारले, पण म्हातारा कच्चा नव्हता. शेवटी दोघांची एकेक सोंगटी उरली, राणी माझ्याकडे, पाळी माझी. माझी सोंगटी भोकाच्या अगदी तोंडावर. फुंकर मारली असती तरी पडली असती!

आणि नेमकी तेव्हाच सुनंदा चहा घेऊन दारात आली. हसली हो!

स्ट्रायकर सोंगटीला न शिवता पलीकडे गेला. अण्णांनी टिच्चून आपली घेतली. खेळ खलास, लग्नपण खलास. मी मान खाली घालून चपला शोधायला लागलो.

तर खांद्यावर अण्णांचा हात! डोळ्यांत पाणी.

"तोंडावरची सोंगटी सोडलीत, पाहुणे? म्हाताऱ्याचा मान ठेवलात! मामा, लग्न ठरलं! अरे, कुणीतरी साखर आणा, साखर!"

खरं सांगायला गेलो, पण तोंडात साखर होती.

तेव्हापासून अण्णा गावभर सांगतात, "पहिला डाव जावई घाबरून हरला, दुसरा मात्र मुद्दाम. हरायला मोठं मन लागतं!" मी नम्रपणे मान डोलावतो. सुनंदा स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसते. तिने बघितलं होतं ना सगळं!

दर दिवाळीला अण्णा बोर्ड मांडतात. "जावईबापू, मान पुरे झाला. या वेळी जिंकून दाखवा!"

बारा दिवाळ्या झाल्या. घाम फुटेपर्यंत खेळतो. पण अजून मान ठेवतोच आहे!