तिने ब्रेकच दाबला होता

माझ्या धाकट्या बहिणीचे दोन्ही पाय पोलिओने गेलेले आहेत. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण तिच्याबद्दल बोलताना लोक इथून सुरू होतात आणि इथेच थांबतात. मला पुढचं सांगायचं आहे.

ती लिंबायत या आमच्या वस्तीत साड्यांना लेस आणि खडे लावून देण्याचं काम चालवते. मार्केटमधून माल आणायचा, आमच्या आणि शेजारच्या गल्लीतल्या बायकांना वाटायचा, तयार साड्या तपासून परत पोचवायच्या. कुबड्या घेऊन, पायात लोखंडी पट्ट्यांचे बूट चढवून ती हे सगळं करते, आणि खडा वाकडा लागला तर बाईला तो नखाने काढून पुन्हा लावायला लावते. बायका तिला घाबरतात. मीही घाबरतो. मी तिच्याहून तेरा वर्षांनी मोठा आहे, पण त्याने काही फरक पडत नाही.

मी आयुष्यभर जॉबर होतो. इथल्याच उधन्यात आणि नंतर पांडेसऱ्यात, लूमच्या खात्यांमध्ये, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यांत. बिघडलेला लूम चालता करायचा, हे माझं काम. ज्यांनी लूमचं खातं पाहिलेलं नाही त्यांना एक गोष्ट सांगावी लागेल. आडवा धागा नेणारा धोटा दिवसभर इकडून तिकडे आदळत असतो, सांगाडा हादरत असतो आणि त्या हादऱ्याने नट सैल होत जातात. म्हणून खातं सुरू होण्याआधी जॉबर पाना घेऊन एक फेरी मारतो आणि सगळे नट आवळतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी हे इतकी वर्षं केलं की नट आपला आपण टिकला पाहिजे, हा विचारच माझ्या डोक्यात येत नसे. मी आहे ना आवळायला.

बहिणीने जुनी, बिनक्लचची छोटी गाडी घेतली तेव्हा घरात मिरवणूक निघायचीच बाकी होती. त्याआधी ती बाजूला दोन जादा चाकं लावलेली स्कूटर चालवायची, पण पावसात साड्या भिजायच्या. गाडीला हातावर चालणारं लिव्हर बसवायचं होतं. पुढे ढकललं की ब्रेक, स्वतःकडे ओढलं की गाडी पळणार. तिने अहमदाबादच्या एका कारागिराचा पत्ता आणला होता. तो असलीच कामं करायचा, मंजुरी असलेला संच बसवून द्यायचा.

मी म्हणालो, "अहमदाबाद कशाला? मी काय मेलो का?"

"मेला नाहीस, पण तू लूमवाला आहेस, भाऊ."

"लूम म्हणजे काय असतो? लिव्हर, दांडी आणि स्प्रिंग. तुझ्या गाडीत यापेक्षा वेगळं काय आहे?"

ती हसली आणि तिने पत्ता पर्समध्ये ठेवून दिला. मी आठ दिवस खपलो. लिव्हर घासून गुळगुळीत केलं, तिच्या तळव्याच्या मापाची मूठ लाकडात कोरली. स्टिअरिंगवर एक गोळा बसवला, म्हणजे डाव्या हाताने पकडून चाक फिरवता येईल. तिने पहिल्यांदा गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन परत आणली तेव्हा खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "माय वो! कुबडी नाही, काही नाही, आणि मी चालते आहे!" त्या दिवशी मला जगातला सगळ्यात मोठा कारागीर झाल्यासारखं वाटलं. आरटीओत गाडी दाखवून बदलाची नोंद करून घ्यायची होती. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात जाऊ. असे बरेच आठवडे गेले.

लिव्हर आणि ब्रेकच्या दांडीचा सांधा मी साध्या नट-बोल्टने जोडला होता. अशा ठिकाणी बोल्टमधून आडवी पिन घालतात, म्हणजे नट फिरूच शकत नाही. गाडीच्या कुठल्याही मेकॅनिकला हे माहीत असतं. मी मात्र रोज सकाळी पाना घेऊन गाडीत डोकं खुपसायचो.

"गाडीला पण रोज दूध पाजतोस का रे?" ती विचारायची.

मग मी भाच्याच्या लग्नासाठी धुळ्याकडे गेलो. अकरा दिवस राहिलो. दहाव्या दिवशी तिचा फोन आला. "भाऊ, लिव्हर जरा ढिलं वाटतंय."

मंडपात बँड वाजत होता. मी पंगतीत वाढत होतो. मी म्हणालो, "लिव्हर नाही ढिलं, तुझा हात ढिला आहे. जोर लाव." शेजारचे हसले. मीही हसलो. ती म्हणाली, "बरं," आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उधन्याकडे जाताना पुढच्या टेम्पोतून कापडाचे ताके उतरवत होते. तिने लिव्हर ढकललं. नट आधीच कुठेतरी गळून पडला होता, त्या धक्क्याने बोल्टही निसटला आणि ब्रेकची दांडी खाली पडली. डाव्या हाताने हँडब्रेक ओढता आला असता, पण त्यासाठी चाक सोडावं लागलं असतं, आणि रस्त्याच्या कडेला बायका उभ्या होत्या. तिने चाक सोडलं नाही. तिने गाडी ताक्यांच्या ढिगात घातली आणि ढिगातून टेम्पोच्या मागच्या फळीवर. दुसऱ्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तिचं उजवं मनगट मोडलं. ज्याला पाय नसतात त्याचे हातच पाय असतात. तीन महिने ती कुबडी धरू शकली नाही.

फोन येताच मी निघालो आणि संध्याकाळच्या आत परतलो. गाडी गॅरेजच्या दारात उभी होती. मेकॅनिक दुसऱ्या कामात होता. मी गाडीत वाकलो आणि एका नजरेत सगळं कळलं. दांडी खाली लोंबत होती. लिव्हर पुढे जाऊन डॅशबोर्डला टेकलं होतं आणि मुळाशी वाकलं होतं. म्हणजे शेवटपर्यंत तिने सगळी ताकद ब्रेकवर लावली होती. बोल्ट पायपुसण्यावर पडला होता. मी तो उचलला, दांडी जोडली, नवा नट घातला आणि या वेळी पिनही घातली. सवयीचं काम होतं.

मेकॅनिकने येऊन पाहिलं आणि तो गुजरातीत म्हणाला, "ब्रेक तो बराबर छे, काका."

दवाखान्यात नातेवाईक जमले होते. एकच लिव्हर, ढकललं तर ब्रेक आणि ओढलं तर रेस, हे ऐकल्यावर सगळ्यांनी निकाल लावून टाकला की घाबरून तिने उलटं ओढलं असणार. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण यंत्रातलं मला कळतं. मी म्हणालो, "गोंधळ होतो. माणूस घाबरला की होतं असं."

एवढंच म्हणालो. खाटेवरून ती माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं, "मी ओढलं का रे? मला तर ढकलल्यासारखं आठवतं." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताची मला अजून लाज वाटते.

गाडी विकावी, हा सल्लाही माझाच. सहा वर्षं ती रिक्षाने फिरली. साड्यांची गाठोडी मांडीवर, कुबड्या आडव्या, आणि रोज नवा रिक्षावाला "मासी, थोडा जल्दी" म्हणणार. ती कधी कुरकुरली नाही. उलट मीच रिक्षात बसून तिला सोडायला-आणायला जायचो आणि गल्लीत लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा.

मी कदाचित असाच मेलो असतो. पण गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे काम करणाऱ्या एका मुलीने विषय काढला. पंचविशीची, एक पाय अधू, भारी बडबडी. तिला गाडी शिकायची होती. मी दारात बसून लसूण सोलत होतो. माझी बहीण साडीवरून नजर न उचलता तिला म्हणाली, "नको गं बाई. आपल्यासारख्यांच्या हाताचा भरवसा नसतो. ऐन वेळी दगा देतात."

तिच्या हातांबद्दल. ज्या हातांनी चाक सोडलं नव्हतं, त्यांच्याबद्दल. मुलगी मान खाली घालून खडे लावायला लागली.

मी ती जाईपर्यंत थांबलो. मग बहिणीसमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. नट, बोल्ट, पिन, फोन, गॅरेज, सगळं. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

रागावली की तिच्या तोंडून आमची धुळ्याकडची अहिराणी सुटते, तशी सुटली. पण आधी तिने हातातली साडी घडी घालून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे मी ब्रेकच दाबेल व्हता?"

"ब्रेकच. लिव्हर वाकलं होतं तुझ्या जोराने."

"आनि तुले ते त्याच दिवशी माहीत व्हतं."

"हो."

"माले काब्र नही सांगं?"

का सांगितलं नाही, याचं होतं तेवढं कारण सांगून टाकलं. म्हणालो, "लाज वाटली. सगळे मला कारागीर म्हणायचे."

तिने समोरचा खड्यांचा डबा माझ्या अंगावर फेकला. मग म्हणाली, "आता वेच." मी तासभर गुडघ्यांवर रांगत खडे वेचले. ती वर बसून दाखवत होती, तिथे एक राहिला, पलंगाखाली दोन. शेवटचा खडा डब्यात पडल्यावर म्हणाली, "मला सांगून भागणार नाही. ज्या ज्या घरी तू तोंड हलवलंस, त्या त्या घरी जाऊन सांग. आणि मी बरोबर येणार, नाहीतर अर्धं गिळशील."

आमच्याकडे लग्नाचं आवतन द्यायला घरोघर जातात, तसे आम्ही निघालो. रिक्षात ती, मी आणि कुबड्या. पांडेसऱ्यात मामेभावाकडे गेलो. सहा वर्षांपूर्वी "पायाने अधू आणि हाताने घाबरट" हे त्याचंच वाक्य होतं आणि ते पुढे सगळीकडे फिरलं होतं. आम्हाला दोघांना दारात बघून तो हरखला. "या या! कोणाचं लगीन काढलं?"

"लगीन नाही, तेरावं आहे," बहीण म्हणाली. "ह्याच्या खोट्याचं. बस खाली."

मी सांगितलं. त्याची बायको चहा घेऊन दारातच उभी राहिली. तो मान खाजवत म्हणाला, "जाऊ द्या ना ताई. जुनं झालं."

"तू कोण जाऊ दे म्हणणारा? मनगट तुझं मोडलं होतं का?"

"नाही, पण भाऊंचं वय झालंय..."

"जीभ म्हातारी झाली नाही अजून त्याची. तुझी पण नाही. तू जितक्यांना सांगितलं होतंस, त्यांना तू सांगायचं."

मग ती चहा प्यायली, साखर कमी आहे म्हणाली, आणि उठली. असे पाच घरी गेलो. उधन्यातल्या आमच्या मावशीला मात्र सांगता आलं नाही. ती दोन वर्षांपूर्वी गेली. जाईपर्यंत ती माझ्या बहिणीला सांगायची, "गाडीचा नाद सोडलास, बरं केलंस." तिच्या घरासमोर बहिणीने रिक्षा थांबवली, पण उतरली नाही. म्हणाली, "हिला कसं सांगशील?" मी रिक्षातूनच हात जोडले. "लिहून ठेव," ती म्हणाली. म्हणून हे लिहितो आहे.

नवी गाडी, म्हणजे पुन्हा जुनीच, दिवाळीनंतर आली. अहमदाबादच्या कारागिराने लिव्हर बसवलं. मी त्याच्या दुकानाबाहेर बाकावर बसलो होतो, कारण बहिणीने मला आत जायची मनाई केली होती. आरटीओत गाडी तपासून घेतली, गाडीच्या पुस्तकात नोंद झाली, मगच ती रस्त्यावर आणायची असं तिने ठरवलं होतं. इतकं सगळं करूनही पहिले चार दिवस तिने गाडीला हात लावला नाही. खिडकीतून बघायची आणि पडदा ओढायची. सहा वर्षं एखाद्याला सांगत राहा की तुझे हात दगाबाज आहेत, मग एका दुपारी खरं सांगून टाका. हातांना ते लगेच पटत नाही. हे मला तेव्हा कळलं. मला वाटत होतं, मी बोललो की झालं.

पाचव्या दिवशी सकाळी तिने त्या बडबड्या मुलीला बोलावलं आणि शेजारच्या सीटवर बसवलं. मला म्हणाली, "तू मागे. कुबड्या धर." गाडी गल्लीतून इतकी हळू निघाली की एक बकरी आमच्या पुढे चालत होती आणि तिला वाट काढायची घाई नव्हती. मोठ्या रस्त्याला लागण्याआधी तिने गाडी थांबवली. पुन्हा थोडी पुढे नेली, पुन्हा थांबवली. सात-आठ वेळा. मागून हॉर्न वाजायला लागले. एक रिक्षावाला बाजूने जाताना ओरडला, "मासी, गाडी छे के झूला?"

मुलीने विचारलं, "मावशी, काय करता आहात?"

"ढकलते आहे," ती म्हणाली. "बघ. ढकललं की थांबते. तू ठेव हात."

मुलीने तिच्या हातावर हात ठेवला. दोघींनी मिळून लिव्हर ढकललं, गाडी थांबली, आणि काहीच विनोद झाला नसताना त्या दोघी पोट धरून हसायला लागल्या. मला मागून त्यांचे चेहरे दिसत नव्हते. मी काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "भाऊ, तू गप बस," आणि तिने मूठ स्वतःकडे ओढली.