कपाटाचं गाऱ्हाणं

बावीस-तेवीस वर्षांची असताना माझी दोन प्रेमं होती आणि दोन्हींबद्दल घरात बोलायची सोय नव्हती. एक होता मुंबईतल्या चार पोरांचा रॉक बँड. दुसरं म्हणजे लहान मुलांची चित्रांची पुस्तकं. लग्नाच्या वयाच्या मुलीला या दोन्ही गोष्टी शोभत नाहीत, असं आईचं स्वच्छ मत होतं.

बँडची कॅसेट माझ्या भावाने मुंबईहून आणली होती. ती कुठल्या कंपनीने काढलेली नव्हती. पोरांनी स्वतःच कुणाच्या तरी खोलीत गाणी रेकॉर्ड केली होती आणि कॅसेटवरचं चित्रही हातानेच काढलं होतं. एका गाण्यात मध्येच कुकरची शिट्टी ऐकू यायची, आणि मला ते सर्वांत आवडायचं. गाणी इंग्रजी असल्यामुळे शब्द अर्धेच कळायचे. पण गाणाऱ्याचा आवाज चिरकायच्या बेताला आला की माझ्या अंगावर काटा यायचा. कॅसेटवर पत्ता होता, तेव्हा मी सरळ लिहून टाकलं, "गोव्याला जाताना तुम्ही हातखंब्यावरूनच जाणार. आमची वाडी तिथून जवळ आहे. उतरा, जेवा आणि वाजवा."

मी वाडीतल्या बालवाडीत शिकवत होते. मुंबईत नोकरीला गेलेल्या आमच्या गावकऱ्यांचं तिथे एक मंडळ होतं. त्यांनी बालवाडीला काचेच्या दारांचं कपाट आणि पुस्तकं भेट दिली. पुस्तकं निवडायचं काम माझ्याकडे आलं. रत्नागिरीत प्रदर्शन लागलं होतं, तिथे मी दिवसभर रमले. रशियात छापलेली, मराठीत आणलेली, जाड गुळगुळीत कागदांची ती पुस्तकं मी अढीतला आंबा हुंगावा तशी हुंगून निवडली. माझं लाडकं पुस्तक अस्वलाच्या पिल्लाचं होतं. त्याची पांढरी टोपी पांढऱ्या बर्फात हरवते, आणि ते पानोपानी शोधत फिरतं.

पुस्तकं कपाटात लागली आणि गावच्या मानकरी काकांनी कपाटाला कुलूप घातलं.

"फाडतील गो बाय," ते म्हणायचे. "मुंबयकरांनी दिलेली वस्तू. ते येतील तेव्हा धड दिसाया नको?"

काका वाईट नव्हते. मुलांसाठी फणसाचे गरे घेऊन यायचे, पडलेल्याला उचलून घ्यायचे. पण कनवटीची किल्ली काही सुटत नव्हती. मुलं काचेला नाक लावून उभी राहायची आणि ते डाग मी रोज पुसायचे. त्यातली मोठी मुलं जूनमध्ये पहिलीत जाणार होती. अस्वलाला टोपी मिळाली की नाही, हे कळल्याशिवायच ती जातील, या विचाराने मला रात्री झोप लागत नसे. हसा हवं तर.

आणि थंडीच्या दिवसांत एका दुपारी खरोखरच वाडीत टेम्पो येऊन उभा राहिला. ती चार पोरं उतरली! आईने त्यांचे खांद्यावर आलेले केस बघितले, कपाळाला हात लावला आणि मुकाट्याने कुळथाचं पिठलं टाकायला आत गेली.

संध्याकाळी देवळासमोरच्या अंगणात गावचा लाऊडस्पीकर लावून कार्यक्रम सुरू झाला. सगळी वाडी जमली होती. पहिलं गाणं संपलं, कुणी टाळी वाजवली नाही. धरणी दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेले असते.

दुसऱ्या गाण्यात तो गाणारा गायचा कमी आणि बोलायचा जास्त. एक ओळ वरच्या पट्टीत, मग थांबायचं. पुन्हा एक ओळ, पुन्हा थांबायचं. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात ते असंच. मानकरी एकेक मागणं मागून थांबतो आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. तिसऱ्या थांब्याला मागून एक म्हातारा सवयीने ओरडला, "व्हय म्हाराजा!" पुढच्या थांब्याला अर्धं अंगण ओरडलं, त्याच्या पुढच्याला सगळंच. ड्रम वाजवणारा ताल चुकून हसायला लागला.

गाणाऱ्याने मला माइकजवळ बोलावून विचारलं, हे काय? मी समजावलं. त्याला मराठी बऱ्यापैकी येत होतं.

"म्हणजे काहीही मागायचं?"

"काहीही. पण सगळ्यांनी हो म्हटलं की मग मागे फिरायचं नाही."

त्याने लगेच मागितलं, "आमचा टेम्पो गोव्यापर्यंत पोचू दे!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या ड्रमवाल्याला बायको मिळू दे!"

"व्हय म्हाराजा!" बायका सर्वांत जोरात.

मग त्याने माइक माझ्याकडे दिला. गाऱ्हाणं बाईमाणसाने घालायची आमच्याकडे पद्धत नव्हती. पण समोर जमिनीवर माझी बालवाडी बसली होती.

"बा महाराजा, बालवाडीच्या कपाटाचं कुलूप निघू दे. पुस्तकं पोरांच्या हातात पडू देत. फाटली तर फाटू देत."

कुणी ओरडलं नाही. सगळ्यांच्या माना देवळाच्या पायरीकडे वळल्या. तिथे काका बसले होते. आयुष्यभर गाऱ्हाणं त्यांनीच घातलं होतं, दुसऱ्याच्या मागण्याला हो म्हणायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी घसा खाकरला.

"व्हय म्हाराजा," ते हळूच म्हणाले. मग अंगणाने जो आवाज केला, तो हातखंब्याला ऐकू गेला असेल.

दुसऱ्या दिवशी किल्ली बालवाडीतल्या खिळ्याला लटकत होती. मुलं अस्वलावर तुटून पडली. बर्फ त्यांनी कुठे बघितलेला? "बाई, एवढं मीठ कोणी सांडलं?" एकाने विचारलं. बँडची दुसरी कॅसेट काही निघाली नाही. चौघेही नोकऱ्यांना लागले, असं भावाने सांगितलं तेव्हा मला रडू आलं.

आणि पुस्तकं? फाटली, अर्थातच. पावसाळ्याआधी अस्वलाची पानं निखळून पडली. काकांच्या कानावर गेलं आणि ते दारात हजर झाले. आता ऐकून घ्यावं लागणार, म्हणून मी मान खाली घातली. त्यांच्या हातात वाटी होती, तिच्यात भाताची खळ.

"बोल्लो होतो ना, फाडतील," एवढंच म्हणून ते मुलांमध्ये मांडी घालून बसले. तुकडे जुळवायचे, बोटाने खळ लावायची, वरून अंगठ्याने दाबायचं. पोरं त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. चिकटवता चिकटवता ते मध्येच थांबले. पिल्लू बर्फात पाठमोरं उभं होतं, त्या पानावर.

"काय रे, टोपी गावली काय ह्याला?"

"आम्ही नाय सांगणार," मुलं म्हणाली. "पुढचं पान बघा."

काकांनी खळीचा हात धोतराला पुसला आणि जपून पान उलटलं.