भिंतीवरची बाटली

वसमतला साहेबलोकांच्या कॉलनीत कंपाउंडवर 'झाडे लावा, झाडे जगवा' लिहिलेलं असतं. आमच्या वस्तीत नळाला धड पाणी नव्हतं, पण भिंतीभिंतीवर वेफर्सचे पुडे, क्रीमची बिस्किटं आणि थंडगार बाटल्या. कंपन्यांना आमच्या पोटाचा भारीच कळवळा!

माझं लग्न ठरलं आणि रस्त्याकडच्या भिंतीला चुना द्यायचं निघालं. आमच्याकडे लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर गणपती काढून खाली नवरानवरीची नावं लिहितात. पोरीचं नाव बापाच्या घरावर लागतं ते तेवढंच एकदा. मला ते मोठ्या अक्षरांत हवं होतं.

तेवढ्यात कोल्ड्रिंकवाल्यांची माणसं रंगाचे डबे घेऊन हजर झाली. "काका, भिंत फुकट रंगवून देतो." वडील हळदीच्या बाजारात हमाल, फुकट म्हटल्यावर विरघळले. संध्याकाळी घरी येऊन पाहतात तर अख्खी भिंत भडक जांभळी आणि मधोमध माणसाहून उंच बाटली. वर अट अशी, की वर्षभर तिच्यावर दुसरं काही लिहायचं नाही. नावांसाठी मोरीच्या पाइपाजवळ वीतभर जागा उरली. गणपतीही तिथंच अंग चोरून बसला.

लग्न लागलं, पंगत बसली. आईनं पहाटेपासून घुसळून मठ्ठा केला होता. माझ्या चुलत सासऱ्यांनी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"भिंतीवर एवढी मोठी बाटली, अन् आमाला ताक पाजून राहिले का तुमी?"

काय ती अक्कल! जाहिरात म्हणजे यांना जेवणाचा बेत वाटला. माझं डोकंच फिरलं. मुंडावळ्या बांधलेल्या, तशीच मी म्हणाले, "बाटलीच पाहिजे असंल तर भिंतीला तोंड लावा."

आता तरी वडील ताठ उभे राहतील, असं मला वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. व्याह्यांपुढे हात जोडून म्हणाले, "लेकराचं मनावर घेऊ नका. भिंत म्याच दिली, चूक माझीच हाय. आत्ता घेऊन येतो."

नव्या सदऱ्यानिशी सायकलवर टांग टाकून ते दुकानाकडे गेले. आईनं मठ्ठ्याच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.